वजन बाजूला ठेवलं तर भारी कोण?

मंडळी, आज नेरळच्या आमच्या बॉक्सिंग क्लासमध्ये पोरांचा वाद रंगला होता. वजनगट बाजूला ठेवले तर आजवरचा सगळ्यात भारी बॉक्सर कोण? कोच असून मीही तावातावाने हेवीवेटवाल्यांची बाजू घेत होतो.

मागे कळंबची वैशाली घाम गाळायला दोन स्वेटर घालून दोरीच्या उड्या मारत होती. उद्या स्पर्धेआधी तिचं वजन होणार. खालच्या वजनगटात जिंकणं सोपं, म्हणून तिला तिथे उतरवायचं मीच ठरवलंय.

मध्येच ती मटकन खाली बसली. ओठ पार सुकलेले. मी पाण्याची बाटली पुढे केली.

"नको सर, वजन वाढंल. नुसती चूळ भरू का?"

मी म्हणालो, "भर. पण गिळू नकोस."

पोरं परत वादाला लागली.

ती तुमची मुलगी असती, तर मला काय बोलला असतात?