तात्यांच्या नावावरचा खर्च

जयराज मलकापूरच्या एका दूध डेअरीत नोकरीला आहे. कुठल्या गावाची गाडी सुटली, कुठली वाटेत बंद पडली, कुणाला दुसरी पाठवायची, हे बघायचं त्याचं काम. पण माणचा नाहीतर आटपाडीचा माणूस त्याला डेअरीमुळे ओळखत नाही. त्याला ओळखतात ते बैलगाडा मैदानावरचा निवेदक म्हणून. शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि त्याचे रविवार मैदानावरच जायला लागले. घसा चांगला, बोलायची हौस, आणि गाड्या सुटल्या की स्वतःच बैल हाकतोय असा आवेश. आधी नारळ-फेटा मिळायचा, मग पाकीट, मग थेट खात्यावर पैसे.

त्याच्या या कामात अर्धा वाटा आकारामतात्यांचा होता. माइक असतो निकालाच्या टोकाला आणि गाड्या सुटतात दूर त्या टोकाला. तिथून कुणाची जोडी कितव्या पट्ट्यात उभी आहे, गाडीवान कोण, हे सांगायला विश्वासाचा माणूस लागतो. म्हसवडचे आकारामतात्या कानाला फोन लावून तिकडे उन्हात उभे राहायचे. सत्तरीला आलेला माणूस. एकेकाळी स्वतःचा बैल पळवलेला, त्यामुळे मैदान म्हटलं की घरात बूड टेकायचं नाही. एसटीनं यायचे, मैदानावरच जेवायचे, संध्याकाळी परत. जयराजनं त्यांना कधी काही दिलं नाही. "तात्या, बघू की पुढं," असं तो एकदोनदा म्हणाला होता. तात्या हसले होते.

गेल्या वर्षी एका मोठ्या मैदानाच्या आयोजकांनी त्याचं मानधन कर कापून दिलं. डेअरीच्या हिशेबनिसानं सांगितलं, "आता तुला रिटर्न भरावं लागणार. पगार आणि ही बाहेरची कमाई, दोन्ही दाखवून." जयराजनं उभ्या आयुष्यात रिटर्न भरलं नव्हतं. तो कराडला विश्वजीत नावाच्या कर सल्लागाराकडे गेला. विश्वजीत शाळेत त्याच्या दोन वर्ग पुढे होता.

विश्वजीतनं सगळं संगणकावर मांडलं. पेट्रोल, फोन, माइकची दुरुस्ती, जेवढा खर्च निघाला तेवढा वजा केला. तरी सव्वीस हजारांच्या आसपास कर भरायचा निघाला.

"अजून खर्च नाही का काही? साठेक हजार निघाले तर तू मर्यादेच्या खाली येतोस. कर शून्य."

"न्हाई."

"मदतनीस कुणी? मजुरी देत असशील की."

जयराज म्हणाला, "तात्या हायत एक."

"किती देतोस?"

तिथं खरं सांगता आलं असतं. "मैदानाला तीन हजार," तो म्हणाला, आणि आपल्याच आवाजाचं त्याला नवल वाटलं. इतक्या सहज आलं ते.

"रोखीनं? मग पावत्यांवर त्यांच्या सह्या आण."

दुसऱ्या दिवशी वीस पावत्या खिशात घालून तो म्हसवडला गेला. तात्या अंगणात दोरखंडाला पीळ घालत बसले होते.

"आरं ये जया. आज कुठं मैदान?"

"मैदान न्हाई तात्या. जरा सह्या पायजे हुत्या. इन्कम टॅक्सचं हाय."

"आण हिकडं." त्यांनी वाचलंही नाही. पाय पसरून, मांडीवर पाट घेऊन, एकेका कागदावर सावकाश नाव लिहायला लागले. जयराज पावत्या पुढे सरकवत होता आणि अंगणातल्या शेवग्याकडे बघत होता.

राहीबाईकाकी पाणी घेऊन आल्या. तांब्या खाली ठेवताना त्यांचं लक्ष कागदाकडे गेलं. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या.

"तीन हजार रुपय मिळालं," त्यांनी वाचलं. दुसरा कागद उचलला. तिसरा. मग नवऱ्याकडे वळल्या. "ह्ये कवा मिळालं तुमाला?"

तात्यांचा हात थांबला. त्यांनी पहिल्यांदाच कागद नीट बघितला. मग जयराजकडे बघितलं. जयराजला वाटलं आता ते विचारतील. त्यांनी विचारलं असतं तर तो बोलला असता, असं तो पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिला.

"मिळालं की. दर मैदानाला द्येतो ह्यो," तात्या म्हणाले.

"मग गेलं कुठं?"

"गेलं."

"कुठं गेलं म्हंती मी! नातीच्या बारशाला मला मोकळ्या हातानं धाडलंसा. चांदीच्या वाळ्यासाठी तुमच्या पाया पडायची बाकी ऱ्हायली हुती मी. म्हनलासा, पैका न्हाई."

तात्यांनी मान खाली घातली. "पैजंत घालवलं," ते म्हणाले.

काकींनी हातातले कागद पाटावर टाकले. मग जयराजला म्हणाल्या, "बाबा, तू दिलंस ही तुजी चांगली दानत. ह्येंच्यात राम न्हाई." आणि आत निघून गेल्या.

जयराज ज्या तोंडानं हजारो माणसांपुढे दिवसभर बोलायचा त्या तोंडातून एक वाक्य निघेना. तात्यांनी राहिलेल्या सह्या केल्या, पावत्या एकावर एक लावून त्याच्या हातात दिल्या.

"जा आता. ऊन चढंल," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर अंकितानं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "झालं काम?" तो "झालं" म्हणाला आणि जेवला नाही. पावत्या विश्वजीतकडे नेऊन द्यायला तो रोज निघायचा आणि डेअरीतूनच परत यायचा.

रविवारी आटपाडीकडे मैदान होतं. तात्यांचा फोन लागला नाही. गाड्या सुटतात त्या टोकाला दुसराच कुणी उभा केला; त्यानं दोनदा जोड्यांची नावं उलटी सांगितली आणि जयराजनं तीच माइकवरून पुकारली. लोक हसले. दुपारी म्हसवडचा एक गाडीवान भेटला. त्याला विचारलं तर म्हणाला, "तात्या आता यायचं न्हाईत. काकीनं शपथ घातलीया. पैजंत लय पैसा घालवला म्हनं. मेव्हण्यानं सगळ्या भावकीसमोर सुनावलं त्येनला."

गाडीवान ते बैलाच्या गळ्यातला पट्टा सोडत सहज सांगत होता. जयराजनं पुढचा फेरा दुसऱ्याला बोलायला लावला आणि मंडपामागे जाऊन उभा राहिला.

सोमवारी सुटी टाकून तो म्हसवडला गेला. तात्या घरी नव्हते. काकी उन्हात शेंगा निवडत होत्या. जयराज उभाच राहिला.

"काकी, तात्यांनी पैज लावली न्हाई. म्या त्येंना कवाच पैसं दिलं न्हाईत. त्या पावत्या खोट्या हुत्या. माझा टॅक्स वाचावा म्हणून."

काकींचे हात थांबले नाहीत.

"त्या दिशी का बोलला न्हाईस?"

जयराज खाली उकिडवा बसला.

"आठ दिस मी त्येंना नको नको ते बोलली. माझ्या भावानं बोलून घ्येतलं. आन ह्यो मानूस गप भाकरी खात बसला." त्यांनी पदरानं डोळे पुसले नाहीत की आवाज चढवला नाही, त्यामुळे जयराजला जास्तच लागलं. "फाड त्ये कागद. हितंच."

त्यानं पावत्या खिशातून काढून फाडल्या. काकींनी तुकडे गोळा करून चुलीपाशी नेऊन ठेवले.

"आता ऐक. मागल्याचं मला नगं, त्येंनी हौशीनं केलं. हितनं फुडं हजेरीचं पैसं द्यायचं. आन एसटीचं भाडं."

"देतो, काकी."

"माझ्या भावाला कोण सांगनार?"

जयराज तिथूनच त्यांच्या भावाकडे गेला. त्या माणसानं त्याला आत बोलावलं नाही. ओसरीखाली उभं राहून, चार शेजारी ऐकत असताना, जयराजनं सगळं सांगितलं.

रिटर्न भरताना विश्वजीतनं विचारलं, "तात्यांच्या पावत्या?"

"न्हाईत. त्यो खर्च झालाच न्हाई."

विश्वजीतनं आकडा काढून टाकला. कराचे पैसे अंकितानं शिलाई मशिनीसाठी साठवलेल्यातून भरावे लागले. तिला त्यानं सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मशिनीचं मी बघते. तुम्ही त्या माणसाकडं जाऊन या."

तो गेला. तात्यांनी त्याला माफीचं बोलूच दिलं नाही. बैलांच्याच गोष्टी काढल्या.

पुढच्या मैदानाला तात्या आले. सोबत राहीबाईकाकीही आल्या. त्या आजवर कधी मैदानावर आल्या नव्हत्या. गाड्या सुटतात त्या टोकाला, तात्यांच्या शेजारी, डोक्यावर पदर घेऊन बसल्या. फोनवर तात्यांनी पहिल्या गटाची नावं सांगितली. जयराजनं ती पुकारली, एकही न चुकता, पण आवाज नेहमीसारखा चढेना. मधल्या वेळात त्यानं दोघांसाठी चहा पाठवला. पोऱ्या परत आला तो एक पेला भरलेलाच घेऊन.

"आजी नगं म्हनली," तो म्हणाला.