शेवटच्या नंबरची गाडी

मुंजाजीमामांना कुणी काही चांगलं सांगितलं, की ते आधी चष्मा कपाळावर चढवायचे आणि सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत विचारायचे, "थांबा. ह्यात कोणाचं काय हाय?" रस्ता रुंद होणार म्हटलं तरी हेच आणि डोळ्यांचं मोफत शिबिर भरलंय म्हटलं तरी हेच. तो चष्मा त्यांनी त्याच शिबिरातून आणला होता, पण डॉक्टरला दहा प्रश्न विचारून. मी बारावी पास झाल्याचा पेढा दिला तेव्हाही त्यांनी तो हातात धरून विचारलं, "पास झालीस का लगीन ठरलं? खरं सांग." मग पेढा खाल्ला.

परभणीत एका लिंबाच्या झाडाखाली ताडकळसला जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या थांबायच्या. एकूण आठ गाड्या, त्यातली एक मामांची. गुडघे दुखायला लागल्यापासून ती त्यांचा भाचा चालवायचा आणि मामा झाडाखाली खुर्ची टाकून नंबर लावायचे. जी गाडी आधी आली तिचं नाव शाळेतल्या पाटीवर आधी. पहिली गाडी भरल्याशिवाय दुसरीत कुणी बसायचं नाही, मग तो सरपंच असो की सरपंचाचा जावई. शेजारी भाड्याचा फळा रंगवलेला होता. त्यात कमीजास्त होत नसे.

मी ताडकळसची. अकरावीला कॉलेजसाठी पहिल्यांदा या थांब्यावर उतरले, तेव्हा मामांनी मला फौजदारासारखं उभं केलं. नाव काय, बाप कोण, कॉलेज किती वाजता सुटतं. दुसऱ्या दिवशी कळलं, की या गृहस्थांनी कॉलेजच्या शिपायाला गाठून मी सांगितलेली वेळ खरी आहे का, तेही विचारून घेतलं होतं. मला असा संताप आला! पण त्याच संध्याकाळी बघितलं, गाडीतलं मधलं शीट ते मुली बसेपर्यंत कुणाला देत नव्हते. एक सफारीवाले गृहस्थ तिथे बसले होते. मामांनी त्यांना उठवलं. "माझ्यावर संशय घेता का?" म्हणून ते भडकले, तर मामा शांतपणे म्हणाले, "तुमच्यावर न्हाई हो. पर उद्या तुमच्या जागी दुसरा यील, त्याच्यावर हाय."

या थांब्याचा एक रिवाज होता. संध्याकाळी ज्याचा नंबर शेवटचा, त्यानं गाडी भरो न भरो, सुटायचंच. बदल्यात दुसऱ्या दिवशी सकाळचा पहिला नंबर त्याचा. एकदा माझी प्रॅक्टिकलची परीक्षा लांबली, एसटी निघून गेली आणि मी धापा टाकत लिंबाखाली आले. गाडीत दवाखान्यातून परतणारी एक म्हातारी आणि मी, बस. ड्रायव्हर होता नवनाथ. तो कुरकुरला, "मामा, डिझेल बी निघायचं न्हाई."

"एक शीट असलं तरी शीटच," मामा म्हणाले. "सकाळी पहिला नंबर तुझा. चल."

मग खिडकीपाशी येऊन मला हळूच म्हणाले, "घरात गेलीस की मला फोन लाव. ह्यो पिंगळीच्या फाट्यावर उतरून देतो का काय, भरवसा न्हाई." मी फोन केला. तेव्हापासून शेवटच्या गाडीनं गेले की फोन करायचा, हा नियमच झाला.

पुढे मी वकील झाले. राहायला ताडकळसलाच, रोजचं येणं-जाणं परभणी कोर्टात. त्याच सुमारास नवनाथनं थांब्याचा नियम मोडला. तो फळ्यापेक्षा कमी भाडं घेऊन बाहेरच्या बाहेर सवाऱ्या उचलायला लागला. मामांनी सगळ्यांना बोलावलं आणि कागद केला: फळ्याच्या खाली कुणी भाडं घ्यायचं नाही, नंबर मोडायचा नाही, शेवटची गाडी चुकवायची नाही, जो मोडेल तो थांब्यावरून कायमचा बाद. "तोंडाचा शबूद वाऱ्यावर जातो," ते म्हणाले, "सही कुठं जाती?" सातजणांनी सह्या केल्या, मामांनी सगळ्यांत शेवटी. नवनाथनं केली नाही. त्याला त्याच दिवशी थांब्यावरून काढलं आणि तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मामांच्या आतल्या खिशात गेला. मला तेव्हा नवनाथची दया आली नाही. आता येते.

मग ती कंपनी आली. एक दिवस लिंबाच्या समोरच टेबल मांडून रंगीत टी-शर्टवाली माणसं बसली. फोनवर बोट टेकवा, गाडी दारात, भाडं फळ्याच्या निम्मं, शिवाय एक छत्री फुकट. पहिल्या आठवड्यात सगळ्या परभणीत त्याच रंगाच्या छत्र्या, तेही भर उन्हाळ्यात. मामांनी एक छत्री मागून घेतली, उघडली, आतून-बाहेरून बघितली आणि परत केली. "छत्री फुकट वाटायलेत," ते म्हणाले, "म्हंजी पाऊस ह्यांच्याच हातात हाय."

त्यांनी त्या कंपनीची परीक्षा घेतली, ती तर मी कधीच विसरणार नाही. सकाळी गाडीतून उतरलेल्या मला आणि एका निवृत्त गुरुजींना त्यांनी झाडाखाली शेजारी-शेजारी उभं केलं. दोघांनी एकाच वेळी ताडकळसचं भाडं बघायचं. गुरुजींच्या जुन्या फोनवर एक आकडा आला आणि माझ्या नव्या फोनवर त्याहून मोठा.

"बगा," मामा म्हणाले. "आमचा फळा सगळ्यांना दिसतो. ह्यांचा फळा ज्याच्या त्याच्या खिशात." मग चष्मा कपाळावर गेला. "पर वकीलबाई, हे तुमच्या फोनात कवा आलं?"

"सगळ्यांच्याच असतं आता, मामा," मी म्हटलं. खरं म्हणजे मी महिनाभर त्याच गाड्यांनी परतत होते. कोर्टाच्या फाटकाशी गाडी येते, भरायची वाट बघावी लागत नाही, कुणी चौकशा करत नाही. मामांनी चष्मा खाली घेतला आणि ते पाटीकडे वळले. काही बोलले असते तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी ते माझ्या ऑफिसात आले. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी ती हलवून बघितली. "ह्यांच्यावर केस करायची. निम्म्या भाड्यात डिझेल बी न्हाई येत. घरचं घालून चालवायलेत. आमी मेलो की मंग भाडं वाढवतेल. ह्याला कायदा हाय का न्हाई?"

कायदा आहे, मी सांगितलं. धंद्यात स्पर्धा सरळ चालावी म्हणून दिल्लीला आयोगही आहे. पण आधी ती कंपनी बाजारात सगळ्यांत वरचढ आहे हे दाखवावं लागतं. ती तर आत्ता कुठे आली होती.

"पुरावा हाय मपल्यापाशी," म्हणून त्यांनी आतल्या खिशातून ती पिशवी काढली. तोच कागद. "आमी किती इमानदार हाव बगा. सगळ्याचं एक भाडं, सगळ्याच्या सह्या. जो मोडंल तो बाद. असं कंपनीपाशी हाय का?"

मी तो कागद वाचला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. वेगवेगळ्या मालकांनी एकत्र बसून भाडं ठरवायचं आणि कमी घेणाऱ्याला बाहेर काढायचं, हेच त्या कायद्यात सगळ्यांत आधी धरतात. मामांनी आपल्या बाजूचा म्हणून आणलेला पुरावा त्यांच्याच गळ्याचा फास होता. अविश्वासापोटी लिहून घेतला नसता, तर सिद्ध करणंसुद्धा कठीण गेलं असतं.

मी सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी चोर आमीच?"

"चोर नाही, मामा. पण कायदा विचारेल, नवनाथला का काढलं?"

"आन सांजच्याला म्हातारी कोण नेली, ते न्हाई इचारायचा?"

"त्याचं उत्तर देता येईल. पण आधी तुमच्यावरच चौकशी लागेल. माझा सल्ला, अर्ज करू नका."

तेवढ्यात त्यांची नजर टेबलावरच्या गठ्ठ्यावर गेली. वरच नवनाथचा फोटो चिकटवलेला होता. "ह्यो इथं काय करायलाय?"

मी सांगितलं. कंपनीत गाडी लावायला ड्रायव्हरांना प्रतिज्ञापत्र लागायचं, ती मी करून देत होते. गेल्या महिन्यात बरीच झाली होती. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा डोळ्यांवर आणला. "बरं. आता कळलं, ह्यात कोणाचं काय हाय." आणि ते उठून गेले. कागद टेबलावरच राहिला. मी दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही.

माझा सल्ला बरोबर होता. आजही तोच देईन. पण तो देताना मी जरा घाईत होते, हे कबूल केलं पाहिजे. मी कंपनीची नव्हते, पण कंपनी आल्यानं माझं बरं चाललं होतं. संशयी माणसाचं हेच वाईट असतं, शंभरातून एकदा तो बरोबर निघतो आणि नेमके त्या वेळी आपण समोर असतो.

लिंबाखालच्या गाड्या एकेक करून कमी झाल्या. मामांचा भाचासुद्धा कर्ज काढून नवी गाडी घेऊन कंपनीत गेला. मग कंपनीनं भाडं वाढवलं, ड्रायव्हरांकडून कापून घ्यायचंही वाढवलं. मामा म्हणाले होते तसंच. आणि दिवस मावळला की ताडकळसकडे यायला ॲपची गाडी तयार नसायची, कारण तिकडून परतीची सवारी मिळत नाही.

हिवाळ्यात एकदा सुनावणी लांबली. फोनवरचं ते चक्र फिरत राहिलं आणि शेवटी उमटलं: गाडी उपलब्ध नाही. मी लिंबाकडे चालत गेले. एकच गाडी उभी होती आणि चाकामागे स्वतः मामा, दुखऱ्या गुडघ्यावर फडकं बांधून. मला बघून त्यांनी टोमणा मारला नाही.

"बसा. एक शीट असलं तरी शीटच."

झाडाखालच्या खुर्चीवर पाटी होती. पाटीवर एकच नाव, त्यांचंच. मला राहवलं नाही. "मामा, एकट्याचा नंबर कशाला लावता?"

"लावावाच लागतो. न्हाईतर उद्या म्याच म्हनंन, आज मपला नंबर न्हवता."

पिंगळीचा फाटा मागे पडला. मग मीच धीर केला. "मामा, मी कंपनीचे पैसे खाऊन सल्ला दिला नव्हता."

"म्या कवा म्हनलं खाल्ले? तुमचं काय व्हतं ते तुमाला ठाव."

"तुमचा कागद माझ्याकडे राहिलाय. उद्या देते."

"असू द्या. घरी भाचा हाय, भाचा कंपनीत हाय. तिथं नेऊन कुठं ठिऊ?"

"आणि माझ्यावर विश्वास आहे?"

"न्हाई," मामा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "शक हाय. तुमाला बी ते ठाव हाय. म्हनूनच कागद जपताल."

त्यांनी मला दारात सोडलं, फळ्यावरचं भाडं घेतलं आणि म्हणाले, "घरात गेल्या की फोन लावा."

"अहो, तुम्हीच तर सोडलंत!"

"म्या सोडलं. तुमी पोचल्या का न्हाई, ते मला काय ठाव?"

मी आत जाऊन फोन केला. बाहेर गाडी अजून उभी होती. फोन ठेवल्यावर ती वळली.

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. पिंगळीला त्यांच्या गावी माती झाली. सह्या केलेल्या सातांपैकी उरलेले सहाहीजण आले होते आणि नवनाथही, सगळ्यांत मागे उभा. मला रडू आलं. नवनाथ म्हणाला, "ताई, मला काढलं त्या मानसानं. पर पहिला नंबर देतो म्हनला, की देयाचा." पुढे काही महिन्यांत त्या सहांपैकी चारजण कंपनी सोडून लिंबाखाली परत आले. पाटी पुन्हा लागली. संध्याकाळची शेवटची गाडीही.

मागच्या आठवड्यात कंपनीचा एक माणूस ऑफिसात आला. गोड बोलणारा, इस्त्रीचा शर्ट. वर्षभराचं काम द्यायचं म्हणत होता. थांब्यावरचे लोक ड्रायव्हरांना कंपनीत येऊ देत नाहीत, एकत्र बसून भाडं ठरवतात, म्हणून आयोगाकडे जायचं होतं. "तुम्ही इथल्याच, मॅडम. त्यांच्यात काही लेखी ठरलेलं असेल, असं आमच्या कानावर आहे. तसा एखादा कागद मिळाला तर फार बरं होईल."

माझा हात आपोआप कपाळाकडे गेला. मी चष्मा लावत नाही.

"थांबा," मी म्हटलं. "ह्यात कोणाचं काय आहे?"

त्याला ते कळलं नाही. मी काम घेणार नाही एवढं त्याला कळलं आणि तो कार्ड ठेवून गेला. तो जिना उतरेपर्यंत मी बसून राहिले. ड्रॉवरला कुलूप होतं, किल्ली माझ्याच पर्समध्ये होती, दिवसभर मी खोलीतून हललेही नव्हते. तरी मी ड्रॉवर उघडला, पिशवीतून कागद काढला आणि सह्या मोजल्या. सात होत्या. शेवटची मामांची. मी पुन्हा एकदा मोजल्या.