तळ्याच्या गाळाचा गणपती

गणपतीचं पोट तडकलं होतं. एकाचं नव्हे, टेबलावर वाळत ठेवलेल्या सगळ्यांचंच. दीपाने मला त्यासाठीच बोलावलं होतं. रविवारी मुलांचं वर्कशॉप आहे, स्वल्प, म्हणजे जरा, येऊन बघता का मॅडम, असं तिने फोनवर विचारलं आणि मी इंदिरानगरहून ऑटो पकडून तिच्या सेंटरवर पोचले.

हे सेंटर बेंगळुरूतल्या एका तळ्याच्या काठावर आहे. शाळांची मुलं येतात, पक्षी बघतात, पाण्यातले किडे भिंगाखाली धरून किंचाळतात. दीपा तिथली प्रोग्रॅम इन्चार्ज. मी रिटायर्ड केमिस्ट. सगळी नोकरी सरकारी कंपनीच्या लॅबमध्ये गेली. आता कुणी बोलावलं की जाते, फी म्हणून फिल्टर कॉफी घेते.

दीपाचा सगळ्यात गाजलेला कार्यक्रम म्हणजे तळ्यातल्याच गाळाचे गणपती. मुलांनी गाळ मळायचा, मूर्ती घडवायची, घरी पुजायची, बादलीत विसर्जन करायचं आणि खाली बसलेली माती कुंडीत घालायची. कल्पना इतकी गोड, की गेल्या वर्षी मी स्वतः मुलांमध्ये मांडी घालून बसले होते. सोंड जरा फसली, पण बाप्पा झाला.

पोट तडकण्याचं कारण सोपं निघालं. गाळात कुजलेला पाला फार होता. वाळताना तो आकसतो आणि माती फाटते. पण गाळ हातात घेतल्यावर मला ऑइलचा वास आला. गॅरेजमध्ये येतो तसा. हा गाळ कुठून काढता, म्हणून विचारलं, तर दीपाने राजकालुवेच्या तोंडाकडे बोट दाखवलं. राजकालुवे म्हणजे एका तळ्याचं जादा पाणी दुसऱ्या तळ्यात नेणारा जुना नाला. आता त्यात वाटेवरच्या कारखान्यांचं काय काय उतरतं, देव जाणे. तिथला गाळ मऊ, लहान मुलांना मळायला सोपा, म्हणून गेल्या वर्षीही तिथूनच घेतला होता.

मी बाटलीभर गाळ ओळखीच्या लॅबला दिला. हेवी मेटल्स बघा म्हटलं. म्हणजे शिसं, कॅडमियम असले जड धातू. पोटात गेले की लवकर बाहेर पडत नाहीत, आणि मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त बाधतात. रिपोर्टमध्ये शिसं भरपूर निघालं. दीपाचा चेहरा उतरला.

आम्ही सेंटरच्या ट्रस्टी साहेबांकडे गेलो. माणूस भला, पण स्पॉन्सरचं नाव निघालं की त्यांना घाम फुटतो. यंदा शाडू आणू, विषय संपला, असं म्हणून ते मोकळे झाले.

"आणि गेल्या वर्षीची मुलं?" दीपाने विचारलं.

"ते होऊन गेलं. आता उकरून काढलंस तर कार्यक्रम बंद पडेल, आणि तुझी नोकरीही राहणार नाही."

मला तेव्हा माझी बाल्कनी दिसत होती. माझा फसलेल्या सोंडेचा बाप्पा मी कढीपत्त्याच्या कुंडीत घातला होता, सेंटरच्याच सांगण्यावरून. वर्षभर त्याच कुंडीतली पानं आमच्या फोडणीत पडत होती.

"साहेब, होऊन काही गेलेलं नाही," मी म्हटलं. "ती माती घरोघरी कुंड्यांत बसली आहे."

पानांत कितीसं उतरतं, असं त्यांनी विचारलं. थोडंच उतरत असेल, पण न मोजता सांगायला मी काय ज्योतिषी आहे? तसं म्हटलंही मी. दीपा उठून व्हरांड्यात गेली आणि तिने फोन लावायला सुरुवात केली. मेसेज नाही, फोन. कानडीत, हिंदीत, इंग्रजीत तेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती: आमची चूक झाली, ती कुंडी मुलांपासून लांब ठेवा, रविवारी इकडे घेऊन या. तिच्या घरात कमावणारी ती एकटी. मला तिचा अभिमान वाटत होता आणि तिची काळजीही.

रविवारी लोक कुंड्या घेऊन आले. काही जण चिडले होते. एका वडिलांनी सगळ्यांसमोर दीपाला झापलं, तिने ऐकून घेतलं. आम्ही रोपं उपटून, मुळं धुऊन नव्या मातीत लावून देत होतो. जुनी माती वेगळ्या ड्रममध्ये टाकत होतो, घातक कचरा नेणाऱ्यांकडे द्यायला.

मग एक आई आली. एका हातात तुळशीची कुंडी, कडेवर छोटी मुलगी. थोरल्या मुलाने गेल्या वर्षी इथे गणपती केला होता, म्हणाली. मग खालच्या आवाजात विचारलं, "ही माती खाते हो. रोज याच कुंडीतली. ओरडून ओरडून थकले मी. काही होईल का?"

दीपाने हातातलं रोप खाली ठेवलं. त्याच दिवशी ती त्यांच्याबरोबर डॉक्टरकडे गेली. मुलीच्या रक्तात शिसं वाढलेलं निघालं. वेळेवर कळलं, असं डॉक्टर म्हणाले. कुंडी गेली, माती खाणं बंद झालं, पुढच्या तपासणीत आकडा उतरला. तो रिपोर्ट मला फोनवर वाचून दाखवताना दीपा रडली. मीही रडले.

स्पॉन्सर गेला. दीपाची नोकरी राहिली, पगार कमी झाला. ट्रस्टी साहेबांनी त्या मुलीबद्दल ऐकल्यापासून उकरून काढण्याची भाषा केलेली नाही. आता शाडू असो की आणखी काही, मुलांच्या हातात पडण्याआधी तपासून येतं. आणि रिपोर्ट वाईट आला, तर आधी फोन, मग मीटिंग.