होडीसाठी आणलेला साग

त्रेचाळीस साली भंडारदऱ्याच्या धरणावर साहेबाची एक शिडाची होडी होती. डोलकाठीच्या बुंध्याशी पाणी मुरून होडीची तक्तपोशी, म्हणजे वरची फळ्यांची जमीन, कुजली, तेव्हा राजूरच्या फक्रुद्दीन मिस्त्रीला बोलावणं गेलं. कामाचा दिवस आला तेव्हा त्याच्या बायकोला, जरीनाला, माती देऊन चारच दिवस झाले होते. तरी तो आला. घरी बसून तरी काय करायचं होतं?

डोलकाठी उतरवून त्याने कुजकं लाकूड पटाशीने खरवडलं. भिजल्या भाकरीसारखं ते हाताला येत होतं. होडीसाठी त्याने साग आधीच घेऊन ठेवला होता. पण जरीनाच्या कबरीत मय्यतीवर आडव्या घालायला त्या दिवशी दुसऱ्या फळ्या मिळेनात, म्हणून निम्मा तिकडे गेला. उरलेला त्याने इथे चपखल बसवला आणि सांधे राळेने बुजवले. हात आपले चालत होते. डोळ्यांना पाणी नव्हतं.

चौकीदार सहादेवने फळीवर टिचकी मारली. "लई झ्याक! किती वर्सं टिकंल, मिस्त्री?"

"वारा लागत ऱ्हायला तर वीस वर्सं."

"साहेब तर निघालाय लढाईवर. झाकूनच ठिवली तर?"

पटाशी पुसणारा फक्रुद्दीनचा हात थांबला.

"झाकल्यावर ओल कोंडती," तो म्हणाला. "मग साग असला तरी त्याची मातीच व्हती."