घरवाल्याच्या छपराचं काय झालं?

शुभवर्तमानातली एक गोष्ट मला वर्षभर सहन होत नव्हती. कफर्णहूमच्या पक्षघाती माणसाची. त्याला चौघं जण खाटेसकट उचलून प्रभू येशूकडे आणतात, दारात गर्दी म्हणून आत शिरता येत नाही, मग ते घरावर चढतात, छप्पर उघडतात आणि खाट खाली सोडतात. लहानपणी वसईला आमच्या देवळात ही गोष्ट ऐकताना मला फार गंमत वाटायची. पण गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि गंमत संपली. त्यानंतर ही गोष्ट कानावर आली की मी मनातल्या मनात म्हणायची, वा रे वा, नशीबवान आहेस बाबा. तुला चार माणसं तरी मिळाली.

आम्ही राहतो कोपरखैरण्याला, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत. हॉस्पिटलमधून यांना वर आणलं तेव्हा ॲम्ब्युलन्सच्या दोघांनी चादरीत घातलं होतं. प्रत्येक वळणावर चादर झोके खायची आणि दारादारांत उभे राहून लोक बघायचे. हे न्हावा शेव्याला कस्टमच्या क्लिअरिंगचं काम करायचे, कंटेनरच्या रांगांमधून उन्हातान्हात दिवसभर पायी फिरलेला माणूस. त्या दिवशी पलंगावर टेकल्यावर यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बोलणं हळूहळू परत आलं, पण पहिलं धड वाक्य काय बोलावं? "आता मी एकदाच खाली उतरणार. चौघांच्या खांद्यावरून."

त्यानंतर कोणी कितीही सांगितलं तरी हे हलले नाहीत. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणायची, काका, घरच्या व्यायामाने भागणार नाही, खाली सेंटरवर यायलाच हवं, नाहीतर हात आखडेल. हात आखडायला लागलाही होता. पण मला भीती हाताची नव्हती. या माणसाने खिडकीचा पडदा उघडायचं सांगणं सोडलं होतं, क्रिकेट सोडलं होतं, मासळी कुठली आणली हे विचारणंही सोडलं होतं. माझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत विझत चालला होता. आणि मी? मी बाहेरच्या लोखंडी ग्रिलला कुलूप घालून बसले होते. समाचाराला आलेली माणसं यांच्याकडे कीव करून बघतात ते मला सोसत नव्हतं, म्हणून माणसं यायचीही थांबली. आम्हाला कोणाची गरज नाही, असं मी सगळ्यांना इतक्या ठसक्यात सांगितलं होतं की सगळ्यांनी ते खरं मानलं.

त्यातून मी आमच्या भागातल्या लहान ख्रिस्ती समूहाची प्रमुख. नाव मोठं, काम एवढंच की दर पंधरवड्याला कोणाच्या तरी घरी दहा-बारा जणांना जमवायचं, शुभवर्तमानातला एक उतारा तीनदा वाचायचा, थोडा वेळ गप्प बसायचं, आणि मग ज्याच्या मनाला जो शब्द लागला तो त्याने मोठ्याने म्हणायचा. कोणी कोणाला उत्तर द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, हा आमचा नियम. लोकांना मी सांगायची की या गोष्टी जुन्या नाहीत, आपल्याच घरात घडताहेत असं समजून ऐका. सांगायला काय जातंय! स्वतःच्या घरात मात्र मला प्रभूची पावलं कुठे दिसत नव्हती. जपमाळ हातात घेतली की मणी पुढे सरकायचे, मी तिथेच.

अशाच एका सभेत वाचायला नेमका तोच उतारा आला. सभा होती फिलोमिनाकडे. आमच्या इमारतीमागच्या गावठाणात पाटलांच्या घरात ती भाडेकरू आहे. पाटील म्हणजे मूळचे आगरी, आमची सगळी वसाहत ज्या शेतांवर उभी आहे त्यातलं थोडं त्यांचंही होतं. त्यांची बायको मंदाताई आमची गाणी ऐकायला म्हणून उंबऱ्याशी येऊन बसायची, मांडीवर ताट आणि ताटात निवडायला सुका जवळा. त्या दिवशीही बसली होती. उतारा वाचून झाला, शांतता झाली, मग एकेक जण बोलू लागला. कोणी म्हणालं 'क्षमा', कोणी 'विश्वास'. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चार माणसं." आवाज फाटला तो फाटलाच. नियमाप्रमाणे कोणी काही बोललं नाही. मलाही तेच हवं होतं.

पण मंदाताईला आमचा नियम कुठे माहीत! तिने ही गोष्ट जन्मात पहिल्यांदा ऐकली होती. जवळा निवडता निवडता तिने विचारलं, "मंग त्या घरवाल्याचे छपराचा काय झाला?"

सगळ्यांना हसू फुटलं. इतकी वर्षं आम्ही ही गोष्ट ऐकतो, पण ज्याचं घर फोडलं त्याचा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. मी मात्र हसले नाही, मी रडत होते. मंदाताईने ताट बाजूला ठेवलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "वैनी, चार मानसा पायजेत ना? आमचे गावदेवीचे पालखीला आठ हायेत, चार-चार पाळीनं."

मी नको नको म्हणत घरी आले आणि यांना फक्त छपराचा तो प्रश्न सांगितला. तिने ऐकलं असतं तर ती मंदाताई कसली. रविवारी सकाळी बेल वाजली. ग्रिलच्या पलीकडे पाटीलभाऊ, त्यांचा धाकटा भाऊ आणि दोघं पुतणे. एक पुतण्या न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, यांना बंदरावरच्या दिवसांपासून ओळखतो. बरोबर एक हातांची भक्कम खुर्ची, नायलॉनचा दोर आणि दोन लोखंडी पाइप. तिरडीला लागतात म्हणून बांबू त्यांनी मुद्दाम आणले नव्हते. चौघांच्या खांद्यावरून उतरण्याचं यांचं ते बोलणं मी कोणाला सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनाच कळलं असावं.

यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि चेहरा कठीण झाला. म्हणाले, "पाटील, जिवंत माणसाला चौघं उचलत नाहीत."

पाटीलभाऊ खाली बसून खुर्चीला पाइप बांधत होते. त्यांनी वरही पाहिलं नाही. म्हणाले, "दादा, आमची गावदेवी दर वरसाला चौघांचेच खांद्यावं जाते. ती काय मेली हाय?"

आता हे चिडणार, असं वाटलं. यांनी दोराच्या त्या गाठी एकेक करून निरखल्या. मग मला म्हणाले, "पांढरा शर्ट काढ." वर्षभरात यांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. मी कपाट उघडून कपाटातच तोंड घालून रडले, आणि शर्टाला इस्त्री नाही हे लक्षात आल्यावर आणखी रडले.

खुर्ची उचलली, पण पाइप लांब पडले. आमचं ग्रिल मी जिन्यापर्यंत पुढे आणून बसवून घेतलं होतं, त्यातून खुर्ची वळेना. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. शेवटी पाटीलभाऊंनी माझ्याकडे बघून डोकं खाजवलं. मी म्हटलं, काढा. धाकट्याने पाना आणला, गंजलेले नटबोल्ट करकरत सुटले आणि माझं ते कुलपाचं ग्रिल भिंतीला टेकून उभं राहिलं. खुर्चीत बसलेल्या यांचा वाकडा झालेला ओठ हलला. म्हणाले, "मंदाताईंना सांगा, छपराचं काय झालं ते."

जिना उतरताना पुढचे दोघं पाइप खांद्यावर घ्यायचे, मागचे दोघं हात खाली सोडायचे, त्यामुळे खुर्ची सपाट राहायची. पालखीची सवय ती. कुठे झोका नाही की धक्का नाही. ज्या दारांतून लोक पूर्वी बघत होते त्याच दारांतून आता "सावकाश, सावकाश" म्हणत होते. हे प्रत्येकाला डावा हात वर करून दाखवत होते. खाली रिक्षा उभी होतीच. देवळात रविवारच्या मिस्साला आम्ही उशिरा पोचलो, प्रवचन निम्मं झालं होतं. त्यातलं मला काही आठवत नाही. मला फक्त एवढं कळलं की त्या गोष्टीत प्रभूने आजारी माणसाला आधी विश्वास आहे का असं विचारलेलं नाही. त्याने आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला. वर्षभर मी स्वतःची श्रद्धा चाचपडत बसले होते, आणि तो दुसऱ्यांच्या श्रद्धेवर काम करायला केव्हाच तयार होता. ती श्रद्धा गावदेवीच्या पालखीवाल्यांची असली तरी त्याची काही हरकत दिसली नाही.

हे अजून उठून चालू लागलेले नाहीत. खोटं कशाला सांगू? आठवड्यातून तीनदा याच खुर्चीतून उतरून सेंटरवर जातात, हात थोडा मोकळा झालाय, आणि पापलेट शिळं आणलं म्हणून माझ्याशी भांडतात. त्या भांडणासाठी मी देवाचे आभार मानते. ग्रिल मी परत बसवलं नाही, भंगारवाल्याला दिलं.

गेल्या रविवारी मात्र ट्रेलरवाला पुतण्या बंदरावर अडकला. तिघंच आले. पाटीलभाऊ गल्लीतल्या कोणाला तरी फोन लावत होते. तेवढ्यात हे मला म्हणाले, "तूच लाग ना चौथी." मी म्हटलं, माझी कंबर बघा आणि बोला. पण तोवर मी पदर खोचलाही होता. पाटीलभाऊंनी मला मागच्या बाजूला, भिंतीकडचं टोक दिलं. आम्ही उतरू लागलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर यांनी पुढे बघतच विचारलं, "जड आहे का गं?"

"आहे," मी म्हटलं. पण वर्षभर एकटीने उचललं होतं, त्याच्या पावपटही नव्हतं.