एकट्यानं मागं बसायचं

“हितं बोट घाल,” लांत्स मिस्त्री म्हणाला. “घाल की! विमान हाय, चावनार न्हाई.”

देल्मीरोनं पंखाच्या पोटातल्या भोकात बोट घातलं, आत चाचपलं आणि बाहेर काढलं. बोटाच्या टोकाला राखेसारखी करडी भुकटी लागली होती.

“धूळ असंल,” तो म्हणाला.

“व्हय, धूळच. राखंच्या बुधवारी पाद्री लावतो तशी कपाळाला लावून घे.” मिस्त्रीनं टॉर्च विझवला. “आरं, पंखाचा कणा सडलाय. बाहेरनं आरसा, आतनं पीठ. ह्येच्यात मी माजं कुत्रंबी बसवनार न्हाई.”

विमानाचा मालक माते नावाच्या कडू चहासाठी पाणी तापवायला घरात गेला होता, म्हणून ही बोलणी मोकळेपणानं चालली होती. विमान मात्र खरंच देखणं होतं. चंदेरी, नुकतं घासूनपुसून ठेवलेलं, आणि आत एकाच बाकड्यावर दोघांनी शेजारी शेजारी बसायची सोय. देल्मीरो दार उघडून त्या बाकड्याकडं बघत राहिला. मग त्यानं दार हळूच लावलं, कुणी आत झोपलंय असं.

देल्मीरो क्राव्हेरो एकोणसाठ वर्षांचा. आमच्या कोलोनिया रोस्तान गावातल्या धान्य सोसायटीच्या वजनकाट्यावर त्याची तेहतीस वर्षं गेली. रोज दुसऱ्याचा गहू तोलायचा आणि रविवारी क्लबाचं जुनं विमान तासाभरासाठी घेऊन गावावरनं एक चक्कर मारायची, एवढीच त्याची चैन. बायको सुलेमा मागच्या सीटवर असायची. क्लबाच्या विमानात वैमानिक पुढं, बरोबरचा माणूस मागं. ती म्हणायची, “इतकी वर्सं तुजी मान बघून बघून तिच्यावरचं तीळ पाठ झालं मला. सोताचं घेशील तवा शेजारी बसायचं घे.” त्यानं घेतो म्हणून सांगितलं. मग ती आजारी पडली आणि विमानाचा पैसा दवाखान्यात गेला. पुढं तीही गेली.

त्याला सहा वर्षं झाली. आता पुन्हा एका जुन्या विमानापुरता पैसा जमला होता. एकाच. हे चुकलं असतं तर दुसरं घ्यायला पैसा नव्हता आणि वयही नव्हतं. दरवर्षी डोळे तपासणारा डॉक्टर हल्ली परवान्यावर सही करायच्या आधी चष्मा काढून दोनदा बघायचा. आणि एवढं असून देल्मीरो बघायचा ती शेजारी बसायचीच विमानं. चार बघून झाली. एकाचं इंजिन तेल ओकत होतं, दुसरं कुणीतरी खळ्यात आपटून वरनं रंग फासलेलं. तिसऱ्याचे कागद नव्हते. हे चौथं.

परतताना गाडीत मिस्त्री म्हणाला, “दोन्या ओफेलियाकडं एक पायपर विमान हाय. नवरा गेल्यापास्नं शेडात हुबं हाय. चल, बघू.”

“त्ये पुढं-मागं बसायचं.”

“मग?”

“मग काय! सोड.”

“कुनाला बसवनार हायस रं शेजारी?” मिस्त्रीनं विचारलं. वाईट वाटेल असं विचारायची त्याची पद्धतच होती, म्हणून गावात कुणाला वाईट वाटत नसे.

देल्मीरोनं काच खाली करून बाहेर थुंकलं. आठवडा गेला. शनिवारी काट्यावर जेवणाच्या सुट्टीत त्यानं आपणहून मिस्त्रीला फोन लावला.

दोन्या ओफेलियाचं शेत गावापासून तीन कोस. थोरल्या बाईला आमच्याकडं मानानं दोन्या म्हणतात. बाईचं वय सत्तरीच्या घरात, पायांत नवऱ्याचे बूट. शेडाचं दार तिनं एकटीनं ढकललं. आत पिवळं विमान होतं, धुळीनं मोहरीच्या रंगाचं झालेलं. पंखावर कोंबड्या बसून गेल्याच्या खुणा.

मिस्त्री आता पोटतिडकीनं कामाला लागला. आमच्याकडं लांत्सचा अंगठा लागल्याशिवाय कुणी विमान घेत नाही. त्यानं कापडावर जागोजागी अंगठा दाबला. कापड ढोलासारखं ताठ होतं. नाकावरचा पंखा हातानं फिरवून चारी सिलिंडरांचा दाब पाहिला. चाकाला लाथ घातली. शेवटी बाईनं बिस्किटांच्या डब्यातनं काढून दिलेली विमानाची नोंदवही त्यानं पहिल्या पानापासून वाचली, मध्ये ओठ हलवत.

“लेका,” तो देल्मीरोला म्हणाला, “कोंबडीच्या शिटंखाली सोनं हाय.”

“उडवून बघू द्या,” देल्मीरो म्हणाला, पण आवाजात काही उमेद नव्हती.

पेट्रोल भरलं. विमान ढकलत गवताच्या पट्टीवर आणलं. ह्या विमानाला बटण दाबून चालू व्हायची सोय नाही, कुणीतरी पुढं उभं राहून पंखा हातानं फिरवावा लागतो. मिस्त्री बाह्या सावरत पुढं गेला तर बाई म्हणाली, “सरका मिस्त्री. तीस वर्सं म्याच फिरवलाय.”

“बाई, हात तुटंल.”

“तुमचा तुटंल. त्याला तुमची सवय न्हाई.”

तिनं एक पाय मागं रोवला, पंखा खाली ओढला आणि त्याच झोक्यात मागं सरली. दुसऱ्या खेपेला इंजिन पेटलं. शेडामागनं कोंबड्या ओरडत पळाल्या.

तेवढ्यात देल्मीरो पुढच्या सीटवर जाऊन बसला होता.

हे पायपर एकट्यानं उडवायचं तर मागं बसून. पेट्रोलची टाकी नाकाशीच असते, त्यात माणूसही पुढंच बसला तर नाक जड होतं. आमच्या क्लबात हे शाळेतलं पोरही सांगेल. देल्मीरोलाही ठाऊक होतं. पण मागं बसलं की रिकामी सीट डोळ्यांसमोर येणार होती आणि ती त्याला नको होती. तो तसाच निघाला. पट्टीच्या टोकाला वळताना त्यानं टाच ब्रेकवर जरा जोरात दाबली आणि शेपूट वर उचललं गेलं. पंख्याचं पातं गवताची पाती कापत जमिनीपासून चार बोटांवर आलं. मिस्त्री धावत आला आणि त्यानं शेपटीवर अंग टाकलं. विमान धप्पकन खाली बसलं.

“इंजिन बंद कर! बंद कर, गाढवा!” मिस्त्रीला दम लागला होता. “तेहतीस वर्सं वजन करतोयस ना रं? नाकात किती आन् शेपटात किती, ह्ये म्या तुला सांगू?”

देल्मीरोनं इंजिन बंद केलं. इंजिन थांबल्यावर माळावर एकदम शांतता झाली. दोन्या ओफेलिया पट्टीच्या कडेनं चालत आली.

“एकट्यानं मागं बसायचं,” ती म्हणाली. “आमचं मालकबी मागंच बसायचं. म्या कदी बसलेच न्हाई ह्येच्यात.”

“कदीच न्हाई?”

“मला वर गेलं की मळमळतं. पंखा फिरवायचा आन् हितं हुबं ऱ्हायचं, त्ये येईस्तवर.” तिनं वाकून पुढच्या सीटचा पट्टा उचलला. “ह्यो बांधून घ्या. सुटा ऱ्हायला तर दांड्यात अडकतो.”

देल्मीरो खाली उतरला. रिकाम्या सीटवरून पट्टा नेऊन त्यानं बक्कल लावलं आणि आत कुणी नसल्यामुळं तो पार शेवटच्या भोकापर्यंत ओढावा लागला. मग तो मागं बसला. बाईनं पुन्हा पंखा फिरवला.

ह्या खेपेला विमान गवतावरनं कधी सुटलं ते कळलंही नाही. दाराची झडप उघडी होती आणि वारा बाहीत शिरत होता. खाली निम्मी कापणी झालेला गहू, यंत्रामागं उठणारी धूळ, लांब सोसायटीच्या कोठ्या. पुढच्या सीटसमोर विमान वळवायचा दुसरा दांडा होता. देल्मीरो आपला दांडा डावीकडं नेई तेव्हा तोही डावीकडं जाई. उजवीकडं नेला की उजवीकडं. पुढं कुणी बसून चालवतंय अशी चाल होती त्याची, आणि बसलेलं कुणी नव्हतं.

देल्मीरोनं तिकडं बघायचं टाळलं. मग बघितलं. पुढच्या पाटीवरचे काटे त्याला मागनं स्वच्छ दिसत होते. सुलेमा पुढं असती तर तिच्या खांद्यांआडून उंचीचा काटा तरी दिसला असता का? अंगानं आडवी होती ती. त्याला हसू आलं, पण ते सांगायला कुणी नव्हतं, म्हणून ते तिथंच विरलं. त्यानं दोन मोठी वर्तुळं घेतली. हात सरळ चालत होता. विमान कुठं ओढ खात नव्हतं, कुठं कुरकुरत नव्हतं. तो अर्धा तास वर राहिला, आणि त्या अर्ध्या तासात पुढची सीट काही भरली नाही आणि त्याला काही झालंही नाही.

तो उतरला तेव्हा दोन्या ओफेलिया पट्टीच्या कडेला उभी होती. कुणी येईपर्यंत उभं राहायची तिची सवय. मिस्त्री सावलीत माते-चहाचा तुंबा घेऊन बसला होता.

“कसं हाय?” मिस्त्रीनं विचारलं.

“बरं हाय.”

“बरं? बरं तर माजं गुडगंबी हायती!”

“चांगलं हाय,” देल्मीरो म्हणाला. त्यानं पुढचा पट्टा सोडला आणि पुन्हा लावून टाकला. “मिस्त्री, रिकामी सीट शेजारी असली काय आन् पुढं असली काय. त्या चंदेरीत तरी कोन बसनार हुतं? घेतो ह्ये.”

मिस्त्रीनं तुंब्यातला घोट ओढला आणि तोंडाशी आलेलं बोलणं घोटाबरोबर गिळलं. पुष्कळ दिवसांनी असं झालं.

किमतीवर बाईनं ओढाताण केली नाही. तिनं सांगितलं ते दुसरंच. “थंडीत त्याला पेट्रोल जरा जास्त लागतं सुरू व्हायला. आन् बुधवारी न्या. मंगळवारी लेक मला शहरात न्यायला येनार हाय. त्ये जाताना मला बघायचं न्हाई.”

“बुधवारी पंखा कोन फिरवनार?” देल्मीरो म्हणाला.

“ह्यांना सांगा की.” तिनं मिस्त्रीकडं बोट केलं. “हात तुटू नये तेवडं बघा.”

सोमवारी पहाटेपासून काट्यावर ट्रकांची रांग लागली, पार पेट्रोल पंपापर्यंत. गव्हाची कापणी भरात होती. बेनिग्नो नावाचा ड्रायव्हर खिडकीतनं अर्धा बाहेर आला.

“क्राव्हेरो! विमान घेतलंस म्हनं! मला बी फिरव की.”

“वजन किती तुजं?”

“तुज्याकडं काटा हाय, तूच बघ.”

“येशील?” देल्मीरोनं विचारलं. त्याच्या हातातली पेन्सिल थांबली होती.

बेनिग्नो हसला. “खुळा का तू? बायको मला शिडीवर चढू देत न्हाई.”

“बरं,” देल्मीरो म्हणाला. मागं कुणीतरी भोंगा वाजवला. “मागलं चाक काट्याभायेर हाय तुजं. हातभर पुढं घे. आनखी. बस.”

काटा स्थिर होईपर्यंत तो थांबला, चिठ्ठी फाडून खिडकीतनं दिली आणि पुढच्या ट्रकला हात केला.