आईच्या पाठीला जखम नव्हती

भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतल्या मावशी नसत्या, तर नर्सच्या ट्रेनिंगचा अर्ज मी पूर्ण केलाच नसता. त्या माझ्या भावाच्या शेजारीण, आमच्या भंडाऱ्याकडच्याच. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता आणि दवाखान्याला नर्स हव्या होत्या.

अर्जात विचारलं होतं, सातवीतून शाळा का सोडली? आई लकव्याने अंथरुणाला खिळली, म्हणून. पण लिहायला हात धजेना. शाळा सोडणारी पोरगी ट्रेनिंगही सोडेल, असं त्यांना वाटलं तर? आई गेल्यावर भावाने मला इथे आणलं होतं. अर्ज फेटाळला, तर गावी काकाकडे परत जायचं होतं. काकाने माझ्यासाठी एक बिजवर हेरून ठेवला होता.

“घरचं रडगाणं कावून सांगू, मावशी?”

“रडगाणं नोको सांगू. मायचं अंग कोन पुसे?”

“मीच.”

“कूस कोन बदलवे?”

“मीच.”

“पाठीले जखमा झाल्या होत्या का?”

“नाही. मी होऊच नाही देल्या.”

“मंग हेच लिही ना, बाई. लपवून कावून राहिली?”

मी लिहिलं. मुलाखतीत मेट्रनबाईंनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. आईची कूस किती वेळाने बदलायचीस, एवढंच त्यांनी हिंदीत विचारलं. मी चाचरत सांगितलं. मला घेतलं.

मावशी आता थकल्या आहेत. त्यांच्या सुनेला मी सांगून ठेवलंय, त्या कधी अंथरुणाला खिळल्या, तर मला बोलवायचं. त्यांच्या पाठीला जखम मी होऊ देणार नाही.